टेराबिट आणि मे महिना

कोअर स्विचचं माहितीपत्रक उघडलं की पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत एक आकडा दिसतो. समजा, १.७६ टेराबिट प्रतिसेकंद. खरेदी समितीला असा आकडा फार सोयीचा असतो. तीन विक्रेते, तीन आकडे, मोठा तो चांगला. आकडा खोटा नसतो, फक्त दुप्पट केलेला असतो. १० गिगाबिटचे ४८ पोर्ट आणि १०० गिगाबिटचे ४, मिळून ८८० गिगाबिट. येणारी आणि जाणारी वाहतूक वेगळी मोजली की झाले १,७६०. धंद्याची रीतच तशी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण याच एका आकड्यावर लाखोंची खरेदी ठरताना पाहिली की मला खाली उतरून चहा घ्यावासा वाटतो.

खाली म्हणजे जरीपटक्याच्या बाजारात. माझं ऑफिस एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उत्तर नागपुरातला हा भाग उभा केला आणि इथला दुकानदार कुठलंही यंत्र घेताना दोनच गोष्टी विचारतो: भाव काय, आणि बिघडलं तर कोण येणार. कॉलेज, हॉस्पिटल, मोठी कंपनी यांच्या कॅम्पससाठी नेटवर्क आखून देणं हे माझं काम, आणि दुकानदाराच्या त्या दोन प्रश्नांतला दुसरा मी पहिला विचारते.

आधी कोअर म्हणजे काय ते सांगते, कारण तो आणि इंटरनेट यांत नेहमी गल्लत होते. कॅम्पसमधल्या प्रत्येक इमारतीत मजल्यामजल्यावर छोटे स्विच असतात. त्यांच्या फायबर जिथे एकत्र येतात ते ठिकाण म्हणजे कोअर. कामठी रोडला कुठेतरी खोदकामात केबल तुटली तर इंटरनेट जातं, कोअर मात्र चालूच असतो. प्रवेशाचा सर्व्हर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग, ऑनलाइन परीक्षा, एक्स-रे आणि एमआरआयच्या प्रतिमा सगळं आतल्या आत फिरत राहतं. कोअर गेला तर इंटरनेटची लाइन कितीही जाड असू दे, कॅम्पस ठप्प.

नागपूरकराला डायमंड क्रॉसिंग सांगावं लागत नाही: मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन मार्ग इथे एकमेकांना छेदतात. स्विचच्या आधीचा इथरनेट हब तसाच चालायचा. एक गाडी जाताना बाकीच्यांनी थांबायचं. स्विचमध्ये प्रत्येक जोडीला तेवढ्यापुरती स्वतंत्र वाट मिळते, म्हणून सगळे एकाच वेळी पूर्ण वेगानं बोलू शकतात. इथरनेटची कल्पना बॉब मेटकाफनं १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात मांडली. पण बाजारात चाललेला पहिला इथरनेट स्विच यायला १९९० उजाडलं. तो काढणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीचं नाव होतं ‘कल्पना’. संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज. सात पोर्टचा तो डबा होता. १९९४ मध्ये सिस्कोनं ती कंपनी विकत घेतली, आणि आज आपण ज्याला स्विच म्हणतो त्या घराण्याची एक मोठी शाखा तिथूनच वाढली.

आता वेग. तो खरंच किती लागतो? हे मोजता येतं, अंदाज करायची गरज नाही. चारशे कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट, म्हणजे १.६ गिगाबिट. हा प्रवाह दिवसरात्र सारखा, न चढणारा न उतरणारा. त्यावर रात्रीचा बॅकअप, परीक्षेच्या दिवसांतली गर्दी आणि वाय-फाय. जुन्या स्विचमधून दर पाच मिनिटांनी आकडे घेऊन आलेख काढला, आणि त्यात परीक्षेचे आठवडे धरले, की बहुतेक कॅम्पसचं चित्र समोर येतं. दहा गिगाबिटच्या वाटा अर्ध्याही भरलेल्या नसतात. एका संस्थेचे विश्वस्त, ज्यांना सगळा जरीपटका दादा म्हणतो, त्यांनी मला विचारलं होतं, “ताई, सौ गिग का ले लें तो दस साल की छुट्टी ना?” मी म्हटलं, दादा, आधी जमिनीखालची फायबर कोणती आहे ते पाहू. ओएम-३ जातीची मल्टिमोड फायबर १० गिगाबिट ३०० मीटरपर्यंत नेते. फायबर स्विचला जोडणाऱ्या नेहमीच्या १०० गिगाबिट मोड्यूलवर तीच फायबर ७० मीटरला हात टेकते. होस्टेल त्याहून बरंच लांब होतं. सिंगलमोड घातली असती तर दहा किलोमीटरपर्यंत चिंता नव्हती. त्यामुळे त्या वर्षी आम्ही स्विचवर कमी आणि चर खोदण्यावर जास्त खर्च केला. दादांना ते पटायला वेळ लागला. खड्डा कोणाला दाखवता येत नाही.

वेगापेक्षा मला जास्त काळजी असते तक्त्यांची. स्विचला लक्षात ठेवावं लागतं की कोणतं उपकरण कोणत्या पोर्टमागे आहे, त्याचा आयपी पत्ता काय, आणि कुठल्या नेटवर्ककडे कुठून जायचं. हे सगळं चिपमधल्या ठरावीक जागेत बसवावं लागतं आणि ती जागा मागाहून वाढवता येत नाही. पाच हजार माणसांचा कॅम्पस घ्या. प्रत्येकाकडे फोन आणि लॅपटॉप, म्हणजे दहा हजार उपकरणं. आयपीव्ही-४ मध्ये दहा हजार नोंदी. पण आयपीव्ही-६ चालू केलं की एकच फोन तीन-चार पत्ते घेऊन बसतो: एक स्थानिक, एक कायमचा, एक-दोन तात्पुरते. नोंदी तीस-चाळीस हजारांवर जातात, शिवाय आयपीव्ही-६ ची नोंद अनेक चिपमध्ये दुप्पट जागा खाते. त्यात २०१९ च्या अँड्रॉइड १० आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळा, बनावट मॅक पत्ता (उपकरणाची ओळख) दाखवतात. ग्रंथालयाचं वाय-फाय वेगळं, होस्टेलचं वेगळं, तर एकच मुलगी स्विचला दोन दिसते.

आणि तक्ता भरला की कुठे लाल दिवा लागत नाही. नवीन उपकरणांची पॅकेटं चिपऐवजी स्विचच्या छोट्याशा प्रोसेसरकडे जातात, किंवा सगळ्या पोर्टवर उधळली जातात, किंवा गुपचूप टाकून दिली जातात. वापरणाऱ्याला एवढंच कळतं की “आज नेट स्लो आहे”. माहितीपत्रकात मॅक तक्त्याचा मोठा आकडा पुढे छापतात आणि आयपीव्ही-६ शेजाऱ्यांच्या नोंदींची मर्यादा शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक टिपेत. मी पत्रक शेवटाकडून वाचायला सुरुवात करते. बफर, म्हणजे पॅकेटं क्षणभर थांबवून ठेवायची जागा, तिचंही तसंच. ३२ मेगाबाइट ऐकायला बरं वाटतं, पण दहा गिगाबिटच्या एका पोर्टवर ते २५ मिलिसेकंदांत रिकामं होतं.

मग येतो आपला उन्हाळा. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बहुतेक कॅम्पस स्विच आत घेतल्या जाणाऱ्या हवेसाठी ४० किंवा ४५ अंशांची हमी देतात. खोलीत एसी असतो, कबूल. पण रात्री वीज वाचवायला तो बंद करणारा चौकीदारही असतो. आमच्याकडे एक वेगळाच उपाय निघतो. एकदा माझ्या तंत्रज्ञाचा फोन आला, “मॅडम, हे लोक सर्व्हर रूममध्ये कूलर लावून राहिले ना!” वाळ्याचा कूलर माणसासाठी स्वर्ग आहे. स्विचसाठी तो ओली हवा आणि धूळ फुंकणारं यंत्र आहे. म्हणून वारा कुठून आत आणि कुठून बाहेर, हे मी निविदेत लिहिते. काही मॉडेल डेटा सेंटरसाठी उलट्या दिशेच्या पंख्यांची मिळतात. ती रॅकमध्ये चुकीच्या बाजूनं बसली की शेजारच्या डब्याची गरम हवा ओढत राहतात. पॉवर सप्लाय दोन असावेत एवढं सगळेच लिहितात, पण ते दोन वेगळ्या यूपीएसवर जोडावेत हे फार थोडे. आणि जूनच्या विजांचा विचार करून दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल अजिबात नको.

एवढं सगळं नीट असलं तरी कोअर पडू शकतो. बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस हॉस्पिटलचं नेटवर्क नोव्हेंबर २००२ मध्ये कोसळलं आणि काही दिवस डॉक्टर कागदावर औषधं लिहीत होते. एकही यंत्र जळलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकाला एक स्विच जोडत नेटवर्क इतकं पसरलं होतं की त्यात फेरा पडू नये म्हणून असलेली स्पॅनिंग ट्री ही व्यवस्थाच कोलमडली आणि पॅकेटं गोल गोल फिरत राहिली. तिथले मुख्य माहिती अधिकारी जॉन हलाम्का यांनी हे लपवलं नाही, सगळ्या जगाला सांगितलं. त्यांचे त्याबद्दल उपकारच मानायला हवेत.

म्हणून कोअरला दोन डबे, हे सर्वमान्य. वाद पुढे आहे. दोन डबे जोडून त्यांना एकच मेंदू द्यायचा, की दोघांना स्वतंत्र मेंदू ठेवून फक्त वाटा जोडायच्या? पहिला प्रकार सांभाळायला सोपा, एकाच ठिकाणी आज्ञा द्यायच्या. पण सॉफ्टवेअरमधला एक दोष दोघांना एकदम झोपवू शकतो, आणि फर्मवेअर बदलताना कित्येकदा दोन्ही एकत्र बंद करावे लागतात. मी स्वतंत्र मेंदूंच्या बाजूची आहे. माझे काही मित्र त्या बाजूचे नाहीत. त्यांच्या ग्राहकांकडे रात्रपाळीचा जाणकार माणूस नसतो, त्यामुळे त्यांचंही बरोबर आहे.

खरेदीत सरकारी संस्थांना जेम या सरकारी ऑनलाइन बाजारावरून, सर्वांत कमी बोलीनं जावं लागतं. त्यात वाईट काही नाही, बोलीत काय मोजायचं ते तुम्ही आधी लिहिलं असेल तर. स्विच स्वस्त देऊन मोड्यूल महाग लावणं ही जुनी युक्ती. काही कंपन्यांचे डबे दुसऱ्याचं मोड्यूल स्वीकारतच नाहीत. परवाना तीन वर्षांनी संपणार असेल तर चौथ्या वर्षी काय बंद पडतं, हे लेखी हवं. आणि ‘पुढच्या कामकाजाच्या दिवशी’ सुटा भाग येणार असेल तर तो कुठल्या शहरातून निघणार, हेही. शुक्रवारी संध्याकाळी पॉवर सप्लाय गेला तर पुढचा कामकाजाचा दिवस सोमवार असतो. दिवाळीत तर विचारूच नका. त्यामुळे एक पॉवर सप्लाय, एक पंखा आणि चार मोड्यूल कपाटात पडून असले पाहिजेत, लेखापरीक्षकानं कितीही भुवया उंचावल्या तरी.

माल लागला की मी एका कामाच्या दिवशी, दुपारी बारा वाजता, दोनपैकी एका स्विचची वीज काढते. विक्रेत्याचा इंजिनिअर म्हणतो, “मॅडम, रविवारी करू.” रविवारी तक्ते रिकामे असतात, पास होण्यात काय विशेष? किती पॅकेटं हरवली ते मोजायचं, तो डबा परत चालू करायचा, आणि मग दुसऱ्याची वीज काढायची. परत येतानाची घसरण बहुधा जाण्यापेक्षा मोठी असते, कारण डबा जागा होतो पण त्याचे तक्ते भरायचे असतात आणि ते भरण्याआधीच तो वाहतूक अंगावर घेतो. त्यानंतर चालू नेटवर्कवर फर्मवेअर बदलून दाखवायचं. हे सगळं निविदेतच लिहिलेलं असतं, आणि ते पार पडेपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता संस्थेच्याच खात्यात राहतो.