क्लचवरची दोन बोटं

आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक आरएक्स हंड्रेड येते. मालक कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून नाव घेत नाही. ती सुरू झाली की कॉमर्सच्या वर्गातली पोरंसुद्धा खिडकीतून डोकावतात. मीही बघतो. पण गेल्या दिवाळीपासून तो आवाज ऐकला की माझ्या पोटात कसंसंच होतं. ते का, हे एकदा लिहून काढावं म्हणून बसलोय. मंडळाच्या मॅडमनी "ललित दे" म्हणून सांगितलं होतं. गाड्यांवरचं ललित होतं की नाही, ते त्यांनीच ठरवावं.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्याही पुढं. बेळगावात आम्ही शिक्षणासाठी भाड्यानं राहतो. सुट्टी लागली की गावी. घरात दोन गाड्या. एक पप्पांची आरएक्स, १९९३ सालची. दुसरी दादाची एक्सपल्स. दादा पुण्याला नोकरीला गेला आणि एक्सपल्स माझ्या ताब्यात आली. म्हणजे एक टू स्ट्रोक आणि एक फोर स्ट्रोक, एकाच गोठ्यात, एकाच म्हशीशेजारी. कुठली चांगली यावर आमच्या घरात जेवढी भांडणं झालीत, तेवढी जमिनीच्या वाटणीवरूनही झाली नसतील.

आधीच सांगतो, दोन्ही खऱ्या अर्थानं डर्ट बाईक नाहीत. आरएक्स तर सरळसरळ रस्त्याची गाडी. जंगलात चालवायची खरी टू स्ट्रोक म्हणजे केटीएमची ३०० ईएक्ससी वगैरे. ती आपल्या वाट्याला मोबाईलवरच्या व्हिडिओतच येते. पण आमच्याकडं जे होतं त्यावर आम्ही वाद घालत होतो. आणि शेताकडं जायची वाट ही खरोखरच जंगलातून जाते, ते काही आम्ही हौसेनं केलेलं नाही. पठारावरून ओढ्याकाठच्या भातशेतीत उतरायचं तर दीड-एक किलोमीटरचा उतार आहे. लाल माती, मधूनमधून चिऱ्याचे कातळ, किंदळ-जांभळीची मुळं आडवी आलेली, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. (भीमगडच्या अभयारण्यात आम्ही कधी गाडी घातलेली नाही, घालायचीही नसते. २०११ मध्ये ते अभयारण्य झालं. ही वाट त्याच्या बाहेरची, गावच्या वहिवाटीची.)

फरक काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फोर स्ट्रोकमध्ये पिस्टन दोनदा वर, दोनदा खाली जातो तेव्हा एकदा स्फोट होतो. टू स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला होतो. म्हणून ९८ सीसीची एवढीशी आरएक्स ११ हॉर्सपॉवर देते, आणि दुप्पट सीसीची एक्सपल्स देते अठराच्या आसपास. वजन बघा: आरएक्स शंभर किलोच्या थोडी वर, एक्सपल्स दीडशेच्या वर. हे पन्नास किलो कागदावर काही वाटत नाहीत. चिखलात गाडी आडवी पडली आणि सोबत कोणी नसलं की मग समजतात. आरएक्स मी एकट्यानं शिंगं धरून म्हशीच्या रेडकासारखी उभी केलीय. एक्सपल्सला एकदा पाऊण तास घालवला, शेवटी शेणी थापायला आलेल्या आजीनं हात लावला.

चढावर मात्र उलटं. एक्सपल्स पहिल्या गिअरला धुगधुग करत ट्रॅक्टरसारखी चढते. एका स्फोटापासून दुसऱ्या स्फोटापर्यंत टायरला माती धरायला वेळ मिळतो. आरएक्सला जरा जास्त ॲक्सिलरेटर दिला की मागचं चाक जागच्या जागी भिंगरीसारखं फिरतं, लाल मातीची पिचकारी मागच्याच्या तोंडावर, आणि गाडी तिथंच. तिला चढवायचं म्हणजे क्लच अर्धा धरून, अर्धा सोडून, सतत खेळवत न्यावं लागतं. पप्पा म्हणायचे, "आरएक्स चालवायची नसते, वाजवायची असते. पेटीसारखी." पप्पांना भजनात पेटी येते, त्यामुळं त्यांना हे सोपं.

जगातही हा वाद जुनाच आहे. मोटोक्रॉसमध्ये एके काळी सगळं टू स्ट्रोकचं राज्य होतं. १९९७ साली डग हेन्रीनं यामाहाच्या फोर स्ट्रोकवर लास वेगासची सुपरक्रॉस जिंकली आणि पुढच्या वर्षी तसली वायझेड ४०० एफ दुकानात आली. तिथून वारं फिरलं. पण जिथं मोठे धोंडे, ओंडके आणि उभे चढ, त्या हार्ड एंड्युरोत ऑस्ट्रियातल्या एर्झबर्गच्या खाणीपासून सगळीकडं अजून टू स्ट्रोकच पुढं दिसतात. हलकी, पडली तरी मोडायला काही नाही, आणि खालच्या स्पीडला क्लचवर नाचवता येते. आपल्याकडं मात्र प्रदूषणाच्या नियमांनी प्रश्नच मिटवला. आरएक्स १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. ती बंद झाली तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, तरी तिच्यासाठी हळहळणाऱ्यांत मी पुढं.

हे सगळं ज्ञान मी कुणासमोर पाजळायचो? तर काकांच्या बारक्यासमोर.

बारका अठरा पूर्ण. लायसन नुकतंच काढलेलं. त्याची खरी ओढ गाडीची नव्हती, भरतीची होती. अग्निवीरची ऑनलाइन परीक्षा पास झाला होता. मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात. रोज पहाटे डांबरी सडकेवर सोळाशे मीटर पळायचा, काका मोबाईलवर वेळ लावून उभे. आमच्या भागात मराठा लाइट इन्फंट्रीचं नाव घेतल्यावर घरातली म्हातारी माणसंसुद्धा सरळ बसतात. काकांच्या मनात काय होतं ते वेगळं सांगायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत भातकापणी चालू होती. शेतात चहा आणि विळे पोचवायचे होते. पप्पा म्हणाले, दोघं जावा, दोन गाड्या न्या, येताना दोन बायकांना वर आणा. मी एक्सपल्स घेतली, बारक्याला आरएक्स दिली. पेट्रोल मीच टाकलं, ऑईलही मीच. हे सांगायला हवं. आमच्या आरएक्सचा ऑईल पंप एका मिस्त्रीनं फार पूर्वी बंद करून टाकलेला, म्हणून पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं. लिटरला पंचवीस मिली. मापाचं झाकण सापडेना, मी डब्यातून अंदाजानं ओतलं.

पठारावर बारक्यानं गाडी चांगली पळवली. मागून निळा धूर आणि तो टिर्रर्र आवाज. उताराच्या तोंडाला आम्ही थांबलो. त्यानं खाली बघितलं आणि म्हणाला, "हे उतरायचं कसं गा?"

मी काय सांगितलं ते मला शब्दान् शब्द आठवतंय. "पहिला गिअर टाक, ॲक्सिलरेटर पूर्ण सोड, आणि क्लचला हात लावू नको. काय झालं तरी क्लच धरू नको. इंजिनच गाडी धरून ठेवतंय."

एक्सपल्सवर हे शंभर टक्के खरं आहे. फोर स्ट्रोकचं इंजिन ॲक्सिलरेटर सोडला की मागं ओढतं. ब्रेकला नुसतं बोट लावलं तरी पुरतं. क्लच धरला की तेवढं बळ गेलं आणि गाडी सुटली. मी स्वतः असाच शिकलो. टू स्ट्रोक मात्र धरत नाही, निदान तेवढी तरी नाही. ती घरंगळत जाते, आणि पहिल्या गिअरला असली तर इंजिन नुसतं किंचाळत फिरतं. आणि ज्या गाडीत ऑईल पेट्रोलमधूनच येतं, तिथं ॲक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑईल बंद. इंजिन जोरात फिरतंय आणि पिस्टन कोरडा. जाणते लोक उतारावर मधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटरला एक झटका देतात, तेवढंच तेल आत जावं म्हणून. आणि दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात. का, तर पिस्टन चिकटला आणि मागचं चाक लॉक झालं, तर त्याच क्षणी क्लच दाबला पाहिजे. दाबला की चाक मोकळं.

हे मला माहीत होतं का? वाचलेलं होतं. त्या क्षणी आठवलं नाही. मी माझ्या गाडीचं शहाणपण त्याच्या गाडीला लावलं.

मी पुढं होतो. मागं टिर्रर्र आवाज चढत गेला, मग एकदम बंद. घसरल्याचा आवाज, मग करवंदीत काहीतरी शिरल्याचा. वळून बघितलं तर आरएक्सचं मागचं चाक वर, आणि बारका कातळावर एका कुशीवर बसलेला, उजव्या हातानं डावा खांदा धरून. पहिलं काय बोलला असेल? "क्लच धरला नाही हां मी."

कॉलर बोन मोडलं होतं. शहरात नेलं, फोटो काढला, पट्टा बांधला, सहा आठवडे. डॉक्टर म्हणाले वय लहान आहे, चांगलं जुळेल. काकांनी फक्त एकच विचारलं, "पळायला कधी चालंल?" डॉक्टरनी कॅलेंडरकडं बघितलं. मैदानी चाचणीची तारीख त्या सहा आठवड्यांच्या आत होती.

घरी सगळ्यांनी वाटेला दोष दिला, नव्या लायसनला दिला, जुन्या गाडीला दिला. मी गप्प. बारकाही गप्प. चार दिवस मी असाच वावरलो. काकू माझ्या ताटात शेंगोळी वाढायच्या आणि मला घास गिळवायचा नाही.

पाचव्या दिवशी पप्पांनी आरएक्स मिस्त्रीकडं नेली, मला सोबत घेऊन. मिस्त्रींनी तासाभरात हेड आणि सिलिंडर काढून बाकड्यावर ठेवलं. टू स्ट्रोकचं हे एक सुख: व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, टायमिंगची चेन नाही. आत हलणारी मुख्य माणसं तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. पिस्टन त्यांनी उजेडात धरला. एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, मांजरानं बोचकारल्यासारखे. रिंग पिस्टनमध्येच चिकटलेली.

"तेल कमी पडलंय," ते म्हणाले. "एकतर मिक्स कमी, नाहीतर उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून आणलीय. कुणी चालवूलालतं?"

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग मी सांगितलं. ऑईलचा अंदाज, उताराच्या तोंडाला दिलेला सल्ला, क्लचचं, सगळं. मिस्त्री पिस्टन फडक्यानं पुसत राहिले. पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "हे मला सांगून उपयोग नाही. काकाला सांग."

काकांना सांगितलं. ते ओसरीवर बसले होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तो बोलला मला पहिल्याच दिवशी. तू कधी बोलतोस ते बघूलालतो." मग उठून गोठ्यात गेले.

गाडी आठवड्यात तयार झाली. पन्नासचा बोअर पाव मिलीमीटर वाढवला, नवा पिस्टन, नव्या रिंगा. सगळं मिळून पाच हजारांच्या आत. हीच वेळ एक्सपल्सवर आली असती तर किती आकडा झाला असता हे मिस्त्रींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं. ऑईल पंपही पुन्हा जोडून घेतला. तो पंप इंजिनच्याच फिरण्यावर चालतो, त्यामुळं ॲक्सिलरेटर बंद असला तरी थेंब-थेंब तेल जात राहतं. तो बंद करणाऱ्या जुन्या मिस्त्रीला पप्पांनी जाता-येता दोन शिव्या हासडल्या. मला एकही नाही.

आता कुणी मला विचारलं, जंगलवाटेला कुठली गाडी, तर मी विचारतो, चालवणार कोण? नवशिक्याला एक्सपल्ससारखी फोर स्ट्रोक. जड असली तरी चुका पोटात घालते. उताराला धरते, चढाला गडबडत नाही. आरएक्ससारखी हलकी टू स्ट्रोक हातात द्यायची तर आधी एक आठवडा तिच्याबरोबर तेल मोजायला बसवायचं. पप्पा अजून आरएक्सच म्हणतात. दादा पुण्याहून फोनवर एक्सपल्स म्हणतो. वाद मिटलेला नाही, फक्त मी त्यात पहिल्यासारखा तोंड घालत नाही.

बारक्याचं हाड जुळलं. चाचणी गेली ती गेली. वय अजून आहे, यंदा परत फॉर्म भरलाय, परत पहाटे पळतोय. या वेळी मोबाईल घेऊन वेळ लावायला मी उभा असतो, शनिवार-रविवारी गावी असलो की. काकांनी सांगितलं नव्हतं, मीच जायला लागलो.

मागच्या महिन्यात शेताकडं जायचं होतं. मी एक्सपल्सची किल्ली त्याच्यासमोर धरली. त्यानं ती घेतली नाही, आरएक्सची घेतली. उताराच्या तोंडाला थांबलो. मी काही बोललो नाही. तो पुढं गेला. डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर होती. दर वीस-पंचवीस फुटांवर टिर्र... टिर्र... असा आवाज वर येत होता, आणि मी मागं थांबून तो मोजत होतो.