गाडी उघडण्याआधी पुस्तक

माझ्याकडे १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे. दोन माणसांची, कापडी टपाची, १.६ लिटर इंजिनाची छोटी स्पोर्ट्स कार. बर्मिंगहॅममध्ये राहून तिची बहुतेक कामं मी स्वतः करतो, याचं चिपळूणकडच्या नातेवाइकांना मोठं नवल वाटतं. आमच्याकडे गाडीचं काम म्हणजे मिस्त्रीचं काम. ते शिकायचं तर उस्तादाच्या हाताखाली वर्षं काढावी लागतात. आधी चहा आणायचा, मग पाने पुसायचे, मग कधीतरी नटाला हात लावायला मिळतो. मी असा कुठे शिकलो नाही, पुस्तकांतून शिकलो. दहा-बारा पुस्तकं चाळून झाल्यावर माझं मत असं झालंय की, जुनी गाडी स्वतः सांभाळू पाहणाऱ्याने अवजारांवर पैसे घालण्याआधी चांगलं मॅन्युअल शोधण्यात वेळ घालावा.

का, ते मागच्या ब्रेकच्या उदाहरणाने सांगतो. ब्रेक पॅड झिजले की नवे घालायचे. नवा पॅड जाड असतो, म्हणून त्याला जागा करायला कॅलिपरमधला पिस्टन मागे सरकवावा लागतो. पुढच्या चाकांना हे काम शिकंजा लावून दाबलं की होतं. जगातला कुठलाही मिस्त्री डोळे मिटून तेच करील. पण या गाडीच्या मागच्या कॅलिपरला हँडब्रेकही जोडलेला आहे, आणि त्यासाठी पिस्टनच्या आत एक स्क्रू बसवलेला आहे. तिथे पिस्टन दाबायचा नसतो. कॅलिपरच्या पाठीमागे एक बोल्ट आहे, तो काढायचा. आतल्या भोकात चार मिलिमीटरची ॲलन की घालून फिरवायची, की पिस्टन आपोआप मागे येतो. काम झाल्यावर तीच किल्ली उलट फिरवून पॅड डिस्कला टेकवायचा आणि किंचित सैल करायचा. हे माहीत नसताना कुणी शिकंजा लावून जोर केला, तर आतली यंत्रणा बिघडते आणि चांगला कॅलिपर भंगारात जातो. बोल्ट डोळ्यांसमोर असतो, पण त्याच्या आड काय आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

दुसरं उदाहरण टायमिंग बेल्टचं. हा बेल्ट साधारण ६०,००० मैलांनी बदलायचा असतो, आणि त्यासाठी क्रँकशाफ्टच्या टोकाचा मोठा बोल्ट उघडावा लागतो. सुरुवातीच्या गाड्यांत या शाफ्टचं टोक आखूड होतं. त्यावरची पुली सैल पडून शाफ्टच खराब होण्याच्या तक्रारी आल्या, म्हणून १९९१ मध्ये कंपनीने टोक लांब केलं. इंजिनाचं नाव तेच राहिलं, पण बोल्ट किती टॉर्कने आवळायचा तो आकडा बदलला. जुन्याला कमी, नव्याला बराच जास्त. पुलीला चार खाचा असतील तर जुना शाफ्ट, आठ असतील तर नवा. माझी गाडी नेमकी त्या बदलाच्या वर्षातली, त्यामुळे कागदावरच्या सालावर विसंबून चालणार नव्हतं; वाकून खाचा मोजाव्या लागल्या. खाचा मोजायला पुस्तकाने सांगितलं, म्हणून मोजल्या.

चांगलं मॅन्युअल शोधायला निघालं की तीन तऱ्हेची पुस्तकं हाती येतात.

पहिलं कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल. ते कंपनीच्या शोरूममधल्या प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेलं असतं. आकडे, मापं, टॉर्क, वायरिंगचे नकाशे या बाबतीत त्याच्यासारखं दुसरं नाही. पण ते गृहीत फार धरतं. ‘विशेष अवजार वापरा’ म्हणून ४९ ने सुरू होणारा एक लांबलचक नंबर देतं. ते अवजार शोरूममध्ये असतं, तुमच्या-माझ्या घरी नसतं. शिवाय ते गाडी नवी असताना लिहिलेलं. त्यातला प्रत्येक बोल्ट गोडीगुलाबीने निघतो. तीस पावसाळे खाल्लेला बोल्ट त्या लेखकाने पाहिलेलाच नसतो.

दुसरं पुस्तक घरच्या मालकासाठी लिहिलेलं. ब्रिटनमध्ये हे म्हटलं की एकच नाव येतं, हेन्स. या मॅन्युअलांचा जन्म आपल्या वाचकांना मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण तो झाला एडनमध्ये. १८३९ पासून जवळजवळ शंभर वर्षं एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. बोटीवर नोकरी केलेल्या कोकणातल्या जुन्या खलाशांना ते बंदर चांगलं ठाऊक होतं. त्या एडनमध्ये १९६५ साली जॉन हेन्स नावाचा तरुण ब्रिटिश हवाई दलात होता. त्याच्या एका सहकाऱ्याने खराब अवस्थेतली ऑस्टिन-हीली स्प्राइट विकत घेतली. बॉनेटवर बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे असलेली ही छोटी स्पोर्ट्स कार ‘फ्रॉगआय’ म्हणूनच ओळखली जाते. कंपनीचं मॅन्युअल साध्या मालकाच्या उपयोगाचं नाही हे दोघांच्या लक्षात आलं. हेन्सने कॅमेरा घेतला. गाडी सगळी खोलायची, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायचा, पुन्हा जोडायची, आणि जे केलं तेच लिहायचं, असं ठरवलं. १९६६ मध्ये आलेलं ते पहिलं हेन्स मॅन्युअल. ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. पुढे गाडी प्रत्यक्ष खोलून-जोडून पुस्तक लिहायचं, हीच त्या प्रकाशनाची ओळख झाली. म्हणजे हा सगळा पसारा सुरू झाला तो एका जुन्या स्पोर्ट्स कारपासून आणि तिच्या वैतागलेल्या मालकापासून.

हेन्समध्ये प्रत्येक कामाला एक ते पाच पान्यांची खूण असते. एक पाना म्हणजे नवशिक्याला जमेल, पाच म्हणजे जाणकाराचं काम. ही खूण मला फार मोलाची वाटते. पुस्तकाने माणसाला हिंमत द्यावी, तसं वेळेला ‘हे तुझं काम नाही’ असंही सांगावं. दोषही आहेत. ‘जोडणी उलट क्रमाने करावी’ हे त्यातलं एक वाक्य इथल्या मालकांमध्ये विनोदाचा विषय आहे. काढताना जो तुकडा स्प्रिंगच्या जोराने उडून गेला, तो उलट क्रमाने कसा बसवायचा? २०२० च्या अखेरीस हेन्सने नव्या गाड्यांची मॅन्युअलं यापुढे कागदावर छापणार नसल्याचं जाहीर केलं. जुन्या गाड्यांची छापील पुस्तकं मात्र चालू राहिली, आणि आपल्याला तीच हवी असतात.

तिसरं पुस्तक त्या एकाच गाडीच्या वेडाने लिहिलेलं. एमएक्स-५ च्या बाबतीत रॉड ग्रेंजर आणि पीट शूमार्क यांचं व्हेलोसी प्रकाशनाचं मॅन्युअल असं आहे. १.६ इंजिनासाठी वेगळं, १.८ साठी वेगळं. अनेक मॉडेल एका पुस्तकात कोंबली की ‘काही गाड्यांत’ असे शब्द येतात, आणि आपली गाडी त्या ‘काहीं’त आहे की नाही ते कळत नाही. इथे तो घोळ होत नाही.

तिन्ही पुस्तकं मिळूनही एक गोष्ट उरते, ती म्हणजे म्हातारपण. टपावरचं पाणी मागच्या कोपऱ्यातल्या दोन नळ्यांतून खाली जातं. पानं-कचरा अडकून त्या तुंबल्या की पाणी आत साठतं आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्या मागच्या बाजूने कुजतात. बाहेरून रंग चकचकीत, आतून चाळण. दरवर्षीच्या एमओटी तपासणीत अशा गाड्या नापास होतात. हे ज्ञान जुन्या मालकांकडे असतं. म्हणून मी वापरलेलं मॅन्युअल नव्यापेक्षा पसंत करतो. माझ्याकडच्या प्रतीत आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने नोंदी केल्या आहेत. एका ठिकाणी ‘आदल्या रात्री तेल सोडा’, दुसऱ्या ठिकाणी ‘आधी वरचा काढा’. ज्या पानांवर ग्रीसची बोटं उमटली आहेत, ती कामं त्याने खरोखर केली. कोऱ्या प्रतीत हा सोबती मिळत नाही.

दुकानात किंवा जुन्या सामानाच्या बाजारात मॅन्युअल हाती आलं तर मी मुखपृष्ठ बघत नाही. आधी ते कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंतचं आणि कुठल्या देशातल्या गाडीचं आहे ते पाहतो. अमेरिकेतली गाडी आणि इथली गाडी यांत स्टिअरिंगची बाजू तर बदलतेच, वायरिंगही बदलतं. मग मागच्या ब्रेकचं पान काढतो. तो दडलेला स्क्रू सांगितला आहे का? मग क्रँकच्या बोल्टचं पान. दोन शाफ्टचे दोन आकडे दिले आहेत का? ही दोन पानं नीट असतील तर लेखकाने गाडी खरंच उघडली आहे असं मी समजतो. प्रत्येक गाडीत अशा एक-दोन अडचणीच्या जागा असतात. तुमच्या गाडीतल्या आधी माहीत करून घ्या, आणि पुस्तकाची परीक्षा तिथेच घ्या.

काम करताना पुस्तक गाडीखाली नेऊ नये. हव्या त्या पानाची झेरॉक्स काढावी, तेलकट झाली की फेकून द्यावी. काम सुरू करण्याआधी प्रकरण शेवटपर्यंत वाचावं, कारण धोक्याची सूचना पुष्कळदा सातव्या पायरीवर असते आणि आपण तिसरीवर सगळं खोलून बसलेलो असतो. व्हिडिओ मीही पाहतो. हात कसा वळवायचा ते व्हिडिओत छान दिसतं. पण टॉर्कचा आकडा मी छापील पानावरूनच घेतो. ही गाडी चालवताना शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसते. तिचा जीव माझ्याकडे अमानत आहे, आणि कॅमेऱ्यासमोर कुणी अंदाजाने बोललेल्या आकड्यावर मी तो सोपवणार नाही.

हे सगळं करताना मला सारखे आठवतात ते आमच्याकडचे गॅरेजवाले उस्ताद. अब्बांची फियाट तेच बघायचे. बॉनेटवर हात ठेवून इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि दोष सांगायचे. आटे गेलेला बोल्ट कसा काढायचा, कार्ब्युरेटर पावसाळ्यात का रुसतो, घाटात ब्रेक तापले तर काय करायचं, सगळं त्यांच्या बोटांत होतं. महाराष्ट्रात कितीतरी गॅरेजं आपल्या समाजातल्या अशा माणसांनी चालवली. शाळा सुटलेल्या पोरांना त्यांनी हुनर दिला, रोजी दिली. पण हा इल्म उस्तादाच्या तोंडून शागिर्दाच्या कानात जात राहिला, कागदावर आला नाही. उस्ताद गेले. शागिर्द आखातात गेले, तिथे वेगळ्या गाड्या, वेगळी कामं. त्या फियाटबद्दल त्यांना जे माहीत होतं, त्यातलं आज काहीही मिळत नाही.

लिहून ठेवणं आपल्या परंपरेत नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. इस्माईल अल-जझरी या कारागिराने १२०६ साली दियारबकीरच्या अर्तुकी दरबारात यंत्रांवरचा ग्रंथ पुरा केला. त्यात पाण्याची घड्याळं, पाणी उपसण्याची यंत्रं, अशी पन्नास साधनं आहेत. चित्रातल्या भागांना अक्षरांच्या खुणा घातल्या आहेत, आणि तुकडा कसा घडवायचा, कसा बसवायचा, हे क्रमाने सांगितलं आहे. डोनाल्ड हिल यांनी १९७४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. दोनच वर्षांनी लंडनमधल्या इस्लामी जगताच्या महोत्सवासाठी त्या वर्णनावरून पाण्याचं घड्याळ पुन्हा उभं केलं गेलं, आणि ते चाललं. पावणेआठशे वर्षांपूर्वीच्या मिस्त्रीने लिहिलेल्या पुस्तकावरून! तो दरबारी अभियंता होता, तरी त्याने हातचं राखून लिहिलं नाही.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात जुनं गॅरेज असेल, सत्तरीतले उस्ताद अजून येऊन बसत असतील, तर एक रविवार काढा. लॅम्ब्रेटाचा क्लच असो, ॲम्बेसेडरचं गिअर-लिंकेज असो, महिंद्राच्या जुन्या जीपचा डिफरन्शिअल असो, एकच काम निवडा. ते करत असताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. कुठला पाना, कुठला बोल्ट आधी, कुठे हात जपायचा, हे त्यांच्याच शब्दांत, मराठीत, उर्दूत, जसं बोलतील तसं उतरवा. संध्याकाळी ते त्यांना वाचून दाखवा. चूक असेल तर ते तिथल्या तिथे सांगतील. हेन्सने एडनमध्ये एवढंच केलं होतं, आणि त्याच्याजवळ तर मोबाइलही नव्हता.