हा ‘त’ कुणाचा?

दर रविवारी संध्याकाळी फ्रान्समधल्या ल्यों शहरातून व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर मुलगा, फ्रेंच सून आणि तिच्या मांडीवर दोन वर्षांची नात. पुण्यात बसलेल्या आजींना फार काही विचारायचं नसतं. “जेवली का ती?” एवढंच. पण प्रश्न मुलामार्फत जायचा आणि उत्तरही त्याच्यामार्फतच यायचं. सासू-सुनेच्या मध्ये कायमचा दुभाषी! अखेर एकसष्टाव्या वर्षी आजींनी फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं.

साधी वाक्यं जमली. गाडी अडली ती प्रश्नापाशी. ‘एल आ मांझे’ म्हणजे ‘ती जेवली’. प्रश्न करायचा तर ‘एल’ आणि ‘आ’ यांनी जागा बदलायच्या. आजींनी वहीत लिहिलं, ‘आ एल मांझे?’ बाईंनी लाल शाईने मध्ये एक ‘त’ घातला. उच्चार झाला ‘आतेल मांझे?’

“हा ‘त’ कुणाचा?” आजींनी विचारलं.

तो ना क्रियापदाचा, ना सर्वनामाचा. दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये येऊन बसलेला. लिहिताना त्याच्या दोन्ही अंगांना छोटी आडवी रेघ हवी. तिथे फ्रेंच मुलंही चुकून अपॉस्ट्रॉफी टाकतात. लॅटिनमध्ये अशा क्रियापदांच्या शेवटी ‘त’ असे. पुढे तो गळाला. ज्या क्रियापदांत तो टिकला होता त्यांचं पाहून लोक इतरत्रही ‘त’ बोलू लागले. 1647 साली वोजला या व्याकरणकारानं तो उच्चारावा आणि लिहावाही, असा निर्वाळा दिला.

दुसरी गंमत ‘द’ची. ‘ती चहा घेते का?’ हे फ्रेंचमध्ये ‘प्रां-तेल द्यू ते?’ त्यातल्या ‘प्रां’च्या शेवटी लिहितात ‘द’. एरवी तो मुका, पण प्रश्नात बोलू लागतो आणि तोही ‘त’ होऊन! आपल्याकडे ‘जगत्’ आणि ‘ईश’ मिळून ‘जगदीश’ होतो, तिथे ‘त’चा ‘द’. फ्रेंचांचं सगळं उलटं, असं म्हणत आजींनी तेही पाठ केलं.

सोपी वाटही होती. वाक्याच्या आधी ‘एस्क’ लावायचं, हिंदीतल्या ‘क्या’सारखं. लिहायला आठ अक्षरं, ऐकायला जेमतेम दीड! पण आजींचा जीव त्या मधल्या ‘त’वर जडला होता.

एका रविवारी मुलगा बाजारात गेला होता. पडद्यावर सून एकटीच. आजींनी श्वास घेतला आणि विचारलं, “आतेल मांझे?”

सून क्षणभर पाहत राहिली. मग खुदकन हसून “वी!” म्हणाली आणि भराभर बोलत सुटली. त्यातलं आजींना फक्त ‘सूप’ कळलं. पण नात सूप प्यायली, हे तर कळलं!

नंतर मुलगा म्हणाला, “अगं आई, घरात असं पुस्तकी कुणी विचारत नाही. ‘एल आ मांझे?’ म्हणून शेवटी आवाज चढवला की झाला प्रश्न.”

आजी जरा हिरमुसल्या. आपणही ‘जेवली?’ असं नुसत्या सुरावरच विचारतो की! मग एवढी घोकंपट्टी कशासाठी?

पुढच्या रविवारी सून पडद्याजवळ सरकली. हातातल्या चिठ्ठीकडे बघत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, “आई, तू जेवला का?”

आजींनी काहीही दुरुस्त केलं नाही. “जेवले गं बाई, जेवले!” एवढंच म्हणाल्या.