फोली स्क्वेअरमधील तीन इमारती

न्यूयॉर्कच्या ब्रूकलिन ब्रिज–सिटी हॉल स्थानकातून वर येऊन थोडे उत्तरेस चालले की फोली स्क्वेअर हा चौक लागतो. अमेरिकेस जाणारी व्यापारी कुटुंबे ४७व्या रस्त्यावरील हिरेबाजारात आवर्जून डोकावतात. या चौकाकडे सहसा कोणी फिरकत नाही. २०२५ साली मात्र त्या बाजाराच्या नफ्यातोट्याचा प्रश्न याच चौकात विचारला गेला.

चौकाच्या पूर्वेस दोन भव्य न्यायमंदिरे आहेत. एक षट्कोनी, उंच स्तंभांचे. दुसरे सोनेरी शिखराचे, १९३६ मधले. दोहोंमध्ये केवळ एक रस्ता, परंतु पहिले न्यूयॉर्क राज्याचे आणि दुसरे संघराज्याचे. भारतात तालुक्यापासून दिल्लीपर्यंत न्यायाची एकच शिडी आहे. अमेरिकेत दोन आहेत. घटस्फोट, वारसा, भाडेकरूंचे तंटे आणि बहुतेक फौजदारी खटले राज्याकडे जातात. केंद्राचे कायदे, दिवाळखोरी, तसेच भिन्न राज्यांतील पक्षकारांमधील ७५,००० डॉलरहून मोठे दावे संघीय न्यायालयात चालू शकतात. गंमत अशी, की राज्याच्या त्या षट्कोनी इमारतीतील न्यायालयाचे नाव ‘सुप्रीम कोर्ट’. पण ते खटला प्रथम चालविणारे न्यायालय आहे. नावावर विसंबणारा परका मनुष्य येथे हमखास फसावा.

संघीय शिडीच्या पायऱ्या तीन : ९४ जिल्हा न्यायालये, त्यांवर १३ अपील न्यायालये आणि शिखरावर नऊ न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय. या न्यायाधीशांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, सिनेट तिला मान्यता देते, आणि त्यानंतर ते तहहयात पदावर राहू शकतात. नेमणाऱ्याची मर्जी राखण्याचे कारणच उरत नाही.

याचा प्रत्यय चौकाच्या पश्चिमेकडील तिसऱ्या, तुलनेने साध्या इमारतीत येतो. हे आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालय. आयातशुल्काचे तंटे देशभरातून येथे येतात. एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कची ‘व्ही.ओ.एस. सिलेक्शन्स’ ही वाइन आयात करणारी छोटी पेढी आणि आणखी चार लहान व्यवसाय राष्ट्राध्यक्षांनी लादलेल्या शुल्काविरुद्ध येथे आले. धंदा जैन घरांना वर्ज्य खरा. पण फिर्याद प्रत्येक व्यापाऱ्याने वाचावी अशी. शुल्क ठरविण्याचा अधिकार संसदेचा असताना १९७७ च्या आणीबाणीविषयक कायद्याखाली राष्ट्राध्यक्ष तो वापरू शकतात काय, एवढाच प्रश्न होता.

२८ मे रोजी तीन न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला : नाही. त्यांपैकी एक रेगन यांनी नेमलेल्या, एक ओबामांनी आणि एक खुद्द ट्रम्प यांनी. २९ ऑगस्टला वॉशिंग्टनमधील अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी तेच मत उचलून धरले. दोनच दिवस आधी, त्याच १९७७ च्या कायद्याचा आधार घेऊन, भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेण्यात आले होते; सुरतेच्या हिरे कारागिरांपर्यंत त्याची झळ पोहोचली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ५ नोव्हेंबरला तेथे युक्तिवाद झाले. दोन न्यायालयांत जिंकूनही, निकालाची अंमलबजावणी थांबवलेली असल्याने, त्या वाइन व्यापाऱ्यास तोवर बंदरातून माल सोडवताना शुल्क भरावेच लागत होते.