आंधळगांवची एक रात्र

कोसा म्हणजे सोंवळें, एवढेंच आमच्यासारख्या घरांतून ठाऊक असतें. माझ्या सासूबाईंच्या पेटींत कोशाचें एक लुगडें होतें. नैवेद्याच्या दिवशीं तें बाहेर निघे आणि पुन्हां घडी होऊन आंत जाई. तें आंधळगांवचें, इतकें त्या सांगत. त्यापुढें कोणीं कधीं विचारलें नाहीं. २०२४ सालच्या मार्गशीर्षांत भाच्यासमवेत त्या गांवीं जाण्याचा योग आला, तेव्हां तें लुगडें मीं मुद्दाम बरोबर घेतलें.

आंधळगांव हें भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांत आहे. हा मुलूख तळ्यांचा आणि धानाचा. आम्ही गेलों तेव्हां कापणी आटोपून बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. इकडच्या रानांत ऐन व अर्जुन या झाडांवर टसराचे किडे पोसतात. त्यांचे कोश उकळून धागा काढतात आणि कोष्टी तो मागावर चढवितात. करवतीच्या दांत्यांसारखा काठ असलेलें करवतकाठी लुगडें ही विदर्भाची खरी मिरास. अंगाचा धागा दोन्ही काठांच्या धाग्यांत गुंतवावयाचा, म्हणून त्यास तीन धोटे लागतात. घाईचें तें काम नव्हे.

भाच्यानें रात्रीं मुलांसाठीं फुकट चित्रपट दाखविण्याचें योजिलें होतें. पडद्यासाठीं पांढरें कापड एका विणकरानेंच दिलें. मला मात्र धास्ती वाटली. दुसऱ्याचा चित्रपट असा चव्हाट्यावर लावणें ही चोरी तर नव्हे? तेव्हां त्यानें सांगितलें, "मावशी, आपल्या कायद्यानें चित्रपटावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ सालचा 'कालियामर्दन' केव्हांच सर्वांचा झाला आहे. दुसरा 'बिग बक बनी', ॲम्स्टरडॅम येथें २००८ सालीं तयार झालेला. तो कोणींही दाखवावा, त्याची प्रत करावी, अशी कर्त्यांनीं स्वतःच मोकळीक दिली आहे. मोबदला कांहीं नाहीं; कर्त्याचें नांव मात्र सांगितलें पाहिजे."

सतरंज्यांवर मुलें दाटीनें बसलीं. मागें शाली पांघरून वडीलधारीं. दहा-एक मिनिटांच्या त्या सशाच्या गोष्टींत एकही शब्द बोललेला नाहीं, त्यामुळें भाषेची अडचण पडली नाहीं. पुढें कालियामर्दनांतील कांहीं भाग लागला. यमुनेंत उडी घेणारा तो बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी, हें सांगतांच मुलींनीं एकच गिल्ला केला. १९४४ सालीं फाळके नाशिक येथें वारले. त्यांच्या लेकीला ही टाळी त्यानंतर ऐशीं वर्षांनीं मिळाली.

शेवटीं भाच्यानें अटीप्रमाणें कर्त्यांचीं नांवें वाचून दाखविलीं. एक वृद्ध विणकर तें लक्ष देऊन ऐकत होते. ते हंसून म्हणाले, "पिच्चर बनवनाऱ्याचं नाव घ्याच लागते म्हनता. आमच्या कापडावर कोन लिवते, बाई?"

मला उत्तर सुचेना. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं तें जुनें लुगडें त्यांच्यापुढें उलगडलें. त्यांनीं काठावरून अंगठा फिरविला, उलटी बाजू पाहिली. विणकाम त्यांच्या वडिलांच्या पिढीचें, इतकें त्यांनीं ओळखलें. परंतु हात कोणाचा, तें त्यांनाही सांगतां येईना. ज्या वस्त्रावांचून आमच्या घरीं देवाचें पान वाढलें गेलें नाहीं, त्याच्या कर्त्याचें नांव आतां या जगांत कोणाला ठाऊक नाहीं. फुकट मिळालेल्या सशाच्या चित्रपटाचे कर्ते मीं ऐकले. दाम मोजून घेतलेल्या वस्त्राचा कर्ता मात्र आम्ही कधीं विचारलाच नव्हता.

निघतांना मीं त्या आजोबांकडून एक नवें करवतकाठी लुगडें घेतलें. त्यांचें नांव, गांव व तारीख एका कागदावर लिहून तो कागद मीं घडींत ठेवला आहे. पुढें माझी सून ती घडी मोडील, तेव्हां तिला विचारीत बसावें लागणार नाहीं.