दोर धरणारा हात

कोकणातल्या आपल्या बहुतेक घरांतून एक तरी माणूस आखातात गेलेला असतो. आमच्या घरातून धाकटी बहीण गेली, लग्न होऊन बहरीनला. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा दिवस तिच्याकडे राहून आले. पहिल्याच दिवशी भाच्याने जाहीर केलं, "खाला, या वेळी मॉल नाही. आपण मोती काढायला जायचं."

तो एकोणीस वर्षांचा आहे. बाथरूममध्ये टबात डोकं बुडवून मोबाइलवर सेकंद मोजायचा त्याला नाद लागला होता. बहीण वैतागली होती. "तू बरोबर गेलीस तरच पाठवीन," असं तिने मला बजावलं. मला पोहता येतं ते खाडीपुरतं. पण हो म्हटलं.

समुद्रावर जाण्याआधी एका संध्याकाळी आम्ही मुहर्रकच्या जुन्या गल्ल्या पायी फिरलो. बू माहिरच्या किनाऱ्यापासून सियादी या मोती व्यापाऱ्यांच्या घरापर्यंत तीन किलोमीटरहून जास्त लांबीची ही वाट आहे. वाटेवरच्या सतरा वास्तू आणि उत्तरेकडच्या समुद्रातले शिंपल्यांचे तीन पट्टे मिळून 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. या पट्ट्यांना तिथे 'हैर' म्हणतात. एकेकाळी इथल्या मोत्यांसाठी पॅरिसचे जवाहीरही येत; झाक कार्तिए 1912 साली स्वतः आले होते. आणि यातले कितीतरी मोती आपल्या मुंबईत येत. तिथे त्यांची निवड होई, त्यांना भोकं पाडली जात, सर ओवले जात. आखातात व्यवहारही रुपयांतच चाले.

वाटेवरच्या एका घरात जुनी अवजारं मांडली आहेत. नाकाला लावायचा चिमटा, तो 'फिताम'. गळ्यात अडकवायची जाळीची टोपली, ती 'दयीन'. बोटं कापू नयेत म्हणून चामड्याच्या टोप्या. आणि पाय अडकवायला दोर बांधलेला दगड. बस्स! एवढ्यावर माणूस दहा-वीस मीटर खाली जाई, मिनिट-दीड मिनिट तळावर चाचपडून शिंपले गोळा करी आणि वर येई. दिवसाला अशा पन्नासेक बुड्या, आणि उन्हाळ्याचे चार महिने हेच. दिवसा खाणं म्हणजे थोडा खजूर आणि कॉफी, कारण भरल्या पोटी बुडी मारता येत नाही. जेवण रात्री. गोडं पाणी संपलं तर समुद्राच्या तळाशी फुटणाऱ्या झऱ्यांतून पखाली भरून आणत. बहरीन या नावाचा अर्थच 'दोन समुद्र' आहे.

होडीच्या कप्तानाला 'नाखुदा' म्हणत. हा शब्द वाचून मला हसू आलं. आमच्या गावात याच आडनावाची चार घरं आहेत. पण पाणबुड्याचा जीव नाखुद्याच्या हातात नसे. तो असे 'सैब'च्या हातात. सैब म्हणजे दोर ओढणारा. प्रत्येक पाणबुड्याचा सैब ठरलेला. खालून दोराला हिसका बसला की क्षणात ओढायचं. तो हिसका निसटला, तर वर येई ते प्रेत.

दिल्लीत काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने चौदाव्या शतकातच हा दोर आणि हा हिसका नोंदवून ठेवला आहे. काही पाणबुडे तास-दोन तास खाली राहतात, असंही त्याने लिहिलं आहे. ती ऐकीव गोष्ट असणार, कारण तसा दम कोणाला धरता येत नाही. पण आणखी एक गोष्ट त्याने लिहिली ती खरी आहे : बहुतेक पाणबुडे व्यापाऱ्यांच्या कर्जात असत आणि मोती त्या कर्जातच जात. पुढेही तेच चालू राहिलं. हंगामाआधी उचल घ्यायची, हिशेब नाखुद्याच्या वहीत, आणि बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर. 1920च्या दशकात सुधारणा होऊन प्रत्येक पाणबुड्याला स्वतःचं हिशेबाचं पुस्तक मिळू लागलं. मग जपानचे कृत्रिम पैदाशीचे मोती बाजारात आले, 1932 साली बहरीनमध्ये तेल सापडलं आणि हा धंदा बसला. आता बहरीनमध्ये पैदाशीच्या मोत्यांच्या व्यापाराला बंदी आहे, आणि हौशी माणसाला परवाना काढून ठरावीक शिंपले काढता येतात. माणशी मर्यादा साठ.

दुसऱ्या दिवशी फजर पढून निघालो. होडीत आम्ही सहाजण आणि पन्नाशीचा एक बहरीनी शिकवणारा. त्याला आम्ही 'उस्ताद' म्हणू लागलो. किनारा दिसेनासा झाला. भोवती नुसतं हिरवट पाणी.

भाच्याने बिस्मिल्ला म्हणून चष्मा चढवला आणि छाती फुगवून भराभर श्वास घ्यायला लागला. दहा, पंधरा, वीस. उस्तादने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे करणार असशील तर तू होडीतच बस."

मग त्याने आम्हा सगळ्यांना बसवून समजावलं. श्वास घ्यावासा वाटतो तो शरीरात कार्बन डायऑक्साइड वाढतो म्हणून. भराभर श्वास घेतले की तो वायू निघून जातो, पण ऑक्सिजन काही फारसा वाढत नाही. म्हणजे दम वाढत नाही, फक्त धोक्याची घंटा बंद होते. माणसाला बरं वाटत राहतं आणि वर येताना, अगदी शेवटच्या काही हातांवर, तो बेशुद्ध होतो. धडपड नाही, आवाज नाही. चांगले पोहणारे असेच जातात.

त्याचे नियम साधे होते. एकट्याने कधीच उतरायचं नाही. एक खाली, तर एक वर, आणि वरच्याने फक्त त्याच्याकडेच बघायचं. जितका वेळ खाली, त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती. कान दुखायच्या आधीच नाक दाबून हलकेच फुंकायचं. दुखलं तर परत यायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी बुडी नाही. आणि वर आल्यावरही जोडीदाराने अर्धा मिनिट नजर हलवायची नाही, कारण बेशुद्धी वर आल्यावरही येते.

"तुमच्या मुलाचा सैब कोण?" त्याने विचारलं. मी हात वर केला.

पहिल्या तीन बुड्या नीट झाल्या. चौथीला मी मोबाइल काढला. बहिणीला फोटो पाठवावा म्हटलं. चार-पाच सेकंदच गेले असतील. "मॅडम!" उस्ताद ओरडला. मी दचकून पाण्याकडे पाहिलं. भाचा कुठे खाली गेला होता ती जागाच मला सापडेना. सगळीकडे सारखंच पाणी. तो आला, हसत, हातात दोन शिंपले घेऊन, मी बघत होते त्याच्या भलत्याच बाजूला. उस्ताद काही बोलला नाही. मी मोबाइल पिशवीत तळाशी ठेवला आणि असरपर्यंत काढला नाही.

लहानपणी अम्मीबरोबर ओहोटीला खडकांवर कालवं काढायला जायचो. टोपली अर्धी असली तरी पाणी फिरलं की अम्मी उठायची. "कालवं उद्यापण असतील," म्हणायची. आम्ही खडकांत वाकलेल्या असू, आणि तिची पाठ कधी समुद्राकडे नसे. ती आमची सैब होती, हे मला इतक्या वर्षांनी, तेही परमुलखातल्या होडीत कळलं.

परतताना शिंपले उघडले. भाच्याच्या चाळीस शिंपल्यांत राईच्या दाण्याएवढा एकच मोती निघाला. तो त्याने आईला दिला.

आपली मुलं या सुट्टीतही विहिरीवर, नदीवर, खाडीवर जातील, दम धरण्याच्या पैजा लावतील. त्यांना अडवणं आपल्याला जमणार नाही, आणि अडवूही नये. पण त्यांना दोन गोष्टी सांगता येतील : भराभर श्वास घेऊन बुडी मारायची नाही आणि एकट्याने मारायची नाही. काठावर आपण असलो, तर आपल्यासाठी तिसरी गोष्ट आहे. मोबाइल घरी ठेवायचा.