किल्ल्यात कधी जायचं?

मुलांनो, एखाद्या ठिकाणी कसं जायचं हे सगळेच सांगतात. एसटी कुठली, उतरायचं कुठे, डबा काय न्यायचा. पण कधी जायचं असं विचारून पाहा. एकच ठरलेलं उत्तर येतं, "ऑक्टोबर ते फेब्रुवारी!" ताजमहालाला तेच, रायगडाला तेच आणि आमच्या पारोळ्याच्या किल्ल्यालाही तेच. जणू काही साऱ्या देशाला त्याच महिन्यांत सुट्टी असते!

तसं ताजमहालाचं वेगळं आहे म्हणा. तो शुक्रवारी बंद असतो, आणि पौर्णिमेच्या आगेमागे मोजक्या रात्री चांदण्यात पाहू देतात. तिथे 'कधी'चा विचार लोक अगदी बारकाईने करतात. मग आपल्या गावातल्या किल्ल्यासाठी का करू नये?

पारोळा जळगाव जिल्ह्यात आहे, धुळे-जळगाव रस्त्यावर. तिथला किल्ला डोंगरावरचा नाही, भुईकोट आहे. म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला. चढायची दमछाक नाही, त्यामुळे आजीलाही नेता येतं. आणि तो गावाबाहेर नाही बरं का! ऐन बाजारपेठेत, दुकानांच्या गर्दीत दडलेला आहे. नवखा माणूस अगदी जवळ जाऊनही "किल्ला कुठे आहे हो?" असं विचारतो.

जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे, की हा किल्ला हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी १७२७ साली बांधला. त्यापूर्वी पारोळं म्हणजे जेमतेम पन्नास घरांचं खेडं. त्यांनी त्याचं तटबंदी असलेलं शहर केलं. किल्ल्याभोवती खंदक खणला, दारापुढे उचलता येणारा पूल ठेवला, बाजूला भक्कम बुरूज उभे केले. डोंगरी किल्ल्याला डोंगरच राखतो. भुईकोटाला मात्र पाण्याने राखावं लागतं. १८५७ च्या उठावात इथले जहागीरदार इंग्रजांच्या विरोधात गेले, म्हणून इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि किल्ला मोडकळीला आणला. तेव्हा आत पडक्या भिंती दिसल्या, तर त्या सगळ्या पावसाने पाडल्या असं समजू नका.

झाशीच्या राणीचं नावही या किल्ल्याशी जोडलेलं आहे. राणी लक्ष्मीबाई माहेरच्या तांबे, आणि तांबे घराण्याचं पारोळ्याशी नातं सांगतात. पण मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, राणी याच किल्ल्यात घोडा शिकली ना?" नाही रे बाबांनो. तिचा जन्म काशीचा, आणि बालपण गेलं बिठूरला, गंगाकाठी. नातं खरं म्हणून गोष्टही खरी, असं होत नाही. भुयाराचंही तसंच. इथून भुयार निघतं ते थेट नागेश्वराच्या देवळापर्यंत जातं, असं गावात सांगतात. मला तर असा एकही किल्ला ठाऊक नाही, ज्याला भुयाराची गोष्ट नाही!

आता मूळ मुद्दा. हिवाळा चांगला, हे उत्तर चूक नाही. खान्देशातला उन्हाळा ठाऊक आहे ना? पारा सहज चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. आणि नुसत्या पाऱ्याचा प्रश्न नाही, सावलीचाही आहे. मे महिन्याच्या २४-२५ तारखेला पारोळ्यात दुपारी साडेबाराच्या जरा आधी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जमिनीत काठी सरळ रोवा, तिची सावली दिसेनाशी होते. मग तटबंदी कितीही उंच असो, तिच्या पायथ्याशी बसायला वीतभर सावली नसते. याउलट डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की काठीची सावली काठीएवढीच लांब पडते. म्हणून सहली डिसेंबरात निघतात, ते बरोबरच आहे.

हेच सगळं मी एकदा चौथीच्या वर्गात सांगत होते. फळ्यावर सूर्य काढला, भिंत काढली, सावली काढली. सांगून झालं आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला,

"मॅडम, डिसेंबरमा माय कापूस येचाले जास. बाप तं सालदार शे."

सगळा वर्ग गप्प. कारण अर्ध्या वर्गाच्या घरी तेच होतं.

शहरातल्या दोस्तांसाठी थोडं सांगते. दसरा-दिवाळीपासून आमच्याकडे कापूस फुटायला लागतो. मग वेचणी सुरू होते, ती एकदा करून संपत नाही. बोंडं जशी फुटतील तशी पुन्हा पुन्हा वेचावी लागतात. मजुरी किलोवर मिळते. जितका कापूस वेचाल, तितके पैसे. हवा जेव्हा फिरायला छान असते, तेव्हाच ती वेचायलाही छान असते! त्या दिवसांत आईला म्हणावं, "चल ग, किल्ला पाहायला," तर त्या दिवसाचा रोज बुडाला. आणि सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा माणूस. बैल, पाणी, राखण, सगळं त्याच्याकडे. त्याला रविवार कुठला?

मी त्याला म्हटलं, "अरे, पण शाळेच्या सहलीत तू येशीलच की."

तो म्हणाला, "मी येसू. पण बापनी बी मझारतीन देखेल नई."

बापानेही आतून पाहिलेला नाही. दर बाजारला किल्ल्याजवळून जाणारा माणूस, पण आत कधी पाऊल टाकलेलं नाही. मुलाला किल्ला पाहायचा होता तो बापाबरोबर. आता या प्रश्नाला "ऑक्टोबर ते फेब्रुवारी" हे उत्तर कसं पुरणार?

मग वर्गानेच उत्तर शोधलं. चार-पाच जण एकदम ओरडले, "आखाजी!"

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. खान्देशात तिचं मोल दिवाळीहून काकणभर जास्तच म्हणा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पितरांसाठी घागर भरतात, खापरावरचे मांडे होतात, आमरस होतो. आणि मुख्य म्हणजे सालदाराचं साल आखाजीला संपतं. नवं साल धरेपर्यंत तो दोन-चार दिवस मोकळा असतो. शेतात कापूस नसतो, शेत नांगरून पडलेलं असतं. आत्या आलेली, मामा आलेला, सगळं घर एका जागी. वर्षात असे दिवस पुन्हा येत नाहीत.

पण आखाजी येते कधी? एप्रिलच्या अखेरीस नाहीतर मे महिन्यात. २०२४ साली ती १० मे रोजी होती, २०२५ साली ३० एप्रिलला. म्हणजे नेमकी उन्हाच्या तोंडावर!

महिना बदलता येत नव्हता, म्हणून मग आम्ही तास बदलला. फळ्यावरचं चित्र पुन्हा काढलं. एप्रिलच्या अखेरीस आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. साडेसातला काठीची सावली काठीच्या जवळजवळ तिप्पट लांब असते. तेव्हा उंच तटाच्या आडोशाला सावलीच सावली! मग ती आखडत जाते आणि सव्वानऊच्या सुमारास काठीएवढी होते. म्हणजे पाहा, डिसेंबरातल्या दुपारी जेवढी सावली, तेवढी आखाजीच्या दिवसांत सकाळी सव्वानऊपर्यंत मिळते. सहाला घर सोडायचं आणि काठीएवढी सावली झाली की परत फिरायचं. घड्याळ नसलं तरी चालेल, काठी पुरे.

"संध्याकाळी गेलं तर?" असं एका मुलीने विचारलं. चांगला प्रश्न. पाच-सहाला ऊन उतरतं खरं, पण दगड उतरत नाही. काळ्या दगडाने दिवसभर खाल्लेलं ऊन तो रात्री उशिरापर्यंत सोडत बसतो. संध्याकाळी तटाजवळ उभं राहा, तव्याजवळ उभं राहिल्यासारखी धग लागते. तोच दगड पहाटे गार असतो, हात लावून खात्री करा. शिवाय सकाळी दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात, रस्त्यात हातगाड्या नसतात. एरवी गर्दीत हरवणारं किल्ल्याचं दार तेव्हा लांबूनही नीट दिसतं.

आत गेल्यावर काय पाहायचं याची यादी देत नाही. एकच सांगते. तटाला जंग्या आहेत, म्हणजे बंदूक रोखण्यासाठी ठेवलेली भोकं. एखाद्या जंगीला डोळा लावा. बाहेरच्याला तुम्ही जवळजवळ दिसत नाही, तुम्हाला मात्र तो दिसतो. आणि विहीर दिसली तर मोठ्या माणसाचा हात धरल्याशिवाय डोकावू नका. पालकांनो, पाण्याच्या दोन बाटल्या आणि डोक्याला रुमाल, एवढं विसरू नका. आमच्या आज्या तर उन्हात निघताना खिशात कांदा ठेवायला लावतात. ठेवा हवं तर, पण पाणी त्याहून महत्त्वाचं.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा तो मुलगा पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी आला. जाऊन आले होते बापलेक, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. काठीही नेली होती. सावली काठीएवढी झाल्यावर याने "चला" म्हटलं, तर बाप जंगीपासून हलेचना. म्हणे, "इतला साल आठून गाडं लई गऊ, बजार असा दिखस हाई माले काय मालूम!" इतकी वर्षं इथून गाडं नेलं, इथून बाजार असा दिसतो हे मला काय माहीत!

"आता मायचं राहिलं," मुलगा म्हणाला.

मायचा हिशेब वेगळा आहे. आखाजीला घर पाहुण्यांनी भरलेलं, चुलीपुढून तिला उठता येत नाही. पुढे पेरणी, मग निंदणी, मग वेचणी. आम्ही दोघांनी बोटं मोजून पाहिलं. तिला मोकळा दिवस मिळतो तो पाऊस लागून राहिला की. जमीन ओली झाली म्हणजे निंदणी बंद पडते, बायका घरी बसतात. आता पावसाळ्यात किल्ल्यात गवत माजतं, दगडावर शेवाळ येतं, पाय घसरतो, सापाकिरड्याचं भ्यावही असतं. म्हणून आतल्या पडक्या भागात शिरायचं नाही, तटावर चढायचं नाही. पाऊस थांबल्यावर, उजेड चांगला असताना, दारापर्यंत जायचं आणि बाहेरून खंदकाच्या कडेकडेने हिंडायचं. खंदक कशासाठी खणला होता, ते कोरड्या दिवसांत नुसतं सांगावं लागतं. पावसात त्यात पाणी साचलेलं दिसतं.

"मंग श्रावणमा," तो म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला.